कोर्टाची पायरी आणि पायरीवरचा पहारा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आमचे सारे आयुष्य युनियनच्या कामात गेले. बडतर्फी, थकलेला पगार, बुडवलेली ग्रॅच्युइटी यांच्या पायी आम्ही ती पायरी तीस वर्षे चढत-उतरत आहोत. तेव्हा आमच्या शहाणपणाविषयी आपण काय समजायचे ते समजावे. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही संपावर किंवा महागाईवर बोलू अशी त्यांची कल्पना असावी. कोर्टाच्या इमारतीतील सुरक्षिततेवर बोलतो म्हटल्यावर ते जरा गोंधळले. हा विषय पोलिसांचा, फार तर वकिलांचा. कामगार पुढाऱ्याला त्यात काय कळणार?

पण मंडळी, एकदा जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी साडेदहाला उभे राहून माणसे मोजावीत. न्यायाधीश पंधरा-वीस. वकील काही शे. त्यांच्याखेरीज जी जत्रा असते ती कोणाची? बांधाच्या भांडणापायी आलेले दोघे भाऊ, पोटगी मागणारी बाई आणि तिच्या कडेवरचे मूल, साक्षीचे समन्स खिशात घालून घाबरून उभा राहिलेला शेजारी, पोलिसांच्या गाडीतून उतरणारे कच्चे कैदी आणि त्यांच्यासाठी डबा घेऊन आलेली आई. शिवाय टंकलेखक, स्टॅम्पवाला, चहावाला, झाडूवाली. कोर्टात काही घडते तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात न्यायाधीशांच्या आणि नामचीन गुंडांच्या सुरक्षिततेची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण या जत्रेतल्या माणसाच्या जिवाचा हिशेब कोणी ठेवत नाही. तोच आज मांडावा, असे आमच्या मनात आहे.

कोर्टात रक्त सांडणे हे आजच्या काळाचेच पाप आहे, असा एक समज असतो. तो खरा नाही. १९०९ साली कलकत्त्याला अलिपूरच्या न्यायालयाच्या आवारात सरकारी वकील आशुतोष बिश्वास यांना गोळी घातली गेली. पुढच्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या इमारतीत पोलीस अधिकारी शम्सुल आलम मारले गेले. १९१८ च्या एप्रिलमध्ये तिकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला, गदर पक्षावरच्या खटल्याच्या अखेरच्या दिवशी रामचंद्र या आरोपीला रामसिंग या दुसऱ्या आरोपीने भर न्यायालयात गोळी घालून ठार केले आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने रामसिंगला तिथेच टिपले. मार्च १९६८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात एक माणूस चाकू घेऊन थेट पीठावर चढला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला त्या वेळी पीठावर होते आणि न्यायमूर्ती ग्रोव्हर जखमी झाले. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयात आपल्या अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वयस्क वकिलाने बूट भिरकावण्याचा प्रयत्न केला. गवईसाहेबांनी काम थांबवले नाही आणि फिर्यादही केली नाही. हा त्यांचा मोठेपणा. पण मोठेपणावर पहारा चालत नाही.

आता अलीकडच्या काही गोष्टी बारकाईने पाहू, कारण त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

२४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात जितेंदर गोगी नावाच्या गुंडाला सुनावणीसाठी आणले होते. न्यायालयाच्या खोलीत दोघे उठले आणि त्यांनी त्याला गोळ्या घालून मारले. पोलिसांनी त्या दोघांनाही तिथेच ठार केले. दोघांच्या अंगावर वकिलाचा काळा कोट होता. ७ जून २०२३ रोजी लखनौच्या न्यायालयात संजीव जीवा या आरोपीला असेच मारले. मारेकऱ्याच्या अंगावर पुन्हा काळा कोट, आणि त्या गोळीबारात एक तान्ही मुलगी जखमी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीच्या साकेत न्यायालयात पैशाच्या वादातून एका बाईवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणारा तर खराच वकील होता, सनद निलंबित झालेला. पण कोट काही निलंबित होत नाही.

तीन ठिकाणे, तीन वेगळी कारणे, आणि कोट एकच. दारावरचा शिपाई धोतरवाल्याची पिशवी उलटी करतो, पण काळा कोट दिसला की त्याचा पुढे आलेला हात आपोआप मागे जातो. यात शिपायाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या वकिलाला त्याने अडवले तो वकील साहेबांकडे तक्रार करील आणि बदली शिपायाची होईल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आम्हांला हे नवे नाही. आम्ही ज्या कारखान्यात उमेदवारी केली तिथे सुटीच्या भोंग्यानंतर फाटकावर झडती होत असे. कामगाराचा डबा उघडायचा, डब्यात तळाशी राहिलेली भाजी ढवळून बघायची, वहाणा काढायला लावायच्या. साहेबांची मोटार मात्र सलाम घेऊन निघून जाई. तांब्याच्या तारेची चोरी काही थांबेना. अखेर पकडली गेली तेव्हा ती मोटारीच्या डिकीत सापडली. युनियनने तेव्हा मागणी केली ती झडती बंद करा अशी नव्हती. झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या, नाहीतर कोणाचीच घेऊ नका. आणि बायांची बाईनेच, आडोशाला घ्या, एवढेच आमचे म्हणणे होते. ते मान्य झाल्यावर झडतीला तासभर लागायचा तो वीस मिनिटांवर आला, कारण अपमान वाटेनासा झाला की माणूस हुज्जत घालत नाही.

आमचे वकीलमित्र इथे बसले आहेत. त्यांनी रागावू नये. रोज येणाऱ्याने रोज ओळखपत्र दाखवावे आणि रोज यंत्राच्या चौकटीतून जावे, यात त्यांच्या प्रतिष्ठेला काही धक्का बसत नाही. उलट खोट्या कोटवाल्यापासून त्यांचाच जीव वाचतो.

दुसरी गोष्ट रांगेची. ७ सप्टेंबर २०११ चा दिवस. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाचव्या क्रमांकाच्या दाराजवळ पासाच्या खिडकीपुढे सकाळी सव्वादहाच्या सुमारास पक्षकारांची गर्दी होती. एका बॅगेत ठेवलेला बाँब तिथे फुटला. दहाहून अधिक माणसे मेली आणि कितीतरी जखमी झाली. मे महिन्यात त्याच न्यायालयाच्या बाहेर एक लहान स्फोट होऊन गेला होता, तरी या दारावर कॅमेरा बसला नव्हता. पण आम्हांला कॅमेऱ्यापेक्षा दुसरेच खुपते. मेलेली माणसे आत जाण्याच्या परवान्यासाठी उभी होती. आतल्या लोकांच्या सुरक्षिततेसाठी जी रांग लावली, त्या रांगेच्या सुरक्षिततेचा विचार झाला नव्हता.

म्हणून कोणी म्हणाले की दारावर तपासणी कडक करा, तर आमचा पहिला प्रश्न असतो : दारे किती आणि तपासणारे किती? दोन हजार माणसे येणार आणि चौकट एकच असेल तर तपासणी जितकी कडक, तितकी बाहेरची रांग लांब. मग शिपाई कंटाळतो, वकील ओरडतात, आणि साडेअकराला चौकट नुसतीच पीं-पीं करीत राहते आणि माणसे तिच्यातून लोंढ्याने आत जातात. आपल्यापैकी जे कोर्टात गेले असतील त्यांनी हे पाहिले असेलच.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो बंदुकीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. सगळ्यांना अकरालाच का बोलवायचे? बोर्डावर ऐंशी प्रकरणे लागतात, पुकारा होतो वीस-पंचवीसांचा, बाकीच्यांना पाच वाजता पुढली तारीख मिळते. एवढी माणसे दिवसभर व्हरांड्यात कोंबून ठेवायची आणि मग गर्दी आवरत नाही म्हणून हवालदार मागायचे! सकाळच्यांना सकाळी, दुपारच्यांना दुपारी बोलवावे. ज्या कैद्याची नुसती कोठडी वाढवायची आहे त्याला शंभर मैल गाडीतून आणण्याऐवजी तुरुंगातूनच पडद्यावर हजर करावे. साक्षीसुद्धा अशा रीतीने नोंदवता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सांगून ठेवले आहे. मात्र कैद्याला मारहाण झाली असेल तर त्याने ती पडद्यावरून सांगायची कशी, हा प्रश्न उरतो. त्यामुळे पहिल्या हजेरीला त्याला समक्षच आणावे, या मताचे आम्ही आहोत. खर्च वाचतो म्हणून सगळेच पडद्यावर नेऊ नये.

आता धोका कोणापासून असतो याचा विचार करू. नामचीन गुन्हेगार येणार असला की आवारात बंदोबस्त लागतो. ते ठीकच आहे. पण अनुभव काय सांगतो? त्याच रोहिणी न्यायालयात, गोगीच्या खुनाला तीन महिने व्हायच्या आत, डिसेंबर २०२१ मध्ये एका बॅगेत स्फोट झाला. पोलिसांनी त्याबद्दल पकडले कोणाला? सरकारी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाला. शेजारी राहणाऱ्या वकिलाशी त्याचे जुने भांडण होते, असे पोलिसांचे म्हणणे. जर्मनीत म्यूनिकजवळ डाखाऊ या गावी जानेवारी २०१२ मध्ये एका वाहतूक व्यवसायाच्या मालकावर खटला चालू होता. आरोप असा की त्याने आपल्या नोकरांच्या सामाजिक विम्याचे हप्ते भरले नाहीत. आमच्याकडे प्रॉव्हिडंट फंड बुडवणारे मालक असतात, त्यातलाच प्रकार. शिक्षा झाली ती एक वर्षाची, तीही स्थगित. निकाल वाचला जात असतानाच त्याने खिशातून पिस्तूल काढले आणि एकतीस वर्षांच्या सरकारी वकिलाला ठार केले. प्रकरण किरकोळ, म्हणून दारावर कोणाला तपासायची कोणाला गरज वाटली नव्हती.

कागदावर जे प्रकरण किरकोळ दिसते ते माणसाच्या मनात किरकोळ नसते. घर, बायको, बांध, नोकरी, कर्ज यांवरूनच माणसाचे डोके फिरते. आणि नेमक्या याच प्रकरणांची न्यायालये, म्हणजे कुटुंब न्यायालय, कामगार न्यायालय, तालुक्याचे दिवाणी न्यायालय, पहाऱ्याच्या बाबतीत सर्वांत उघडी असतात. आमच्या कामगार न्यायालयाची इमारत भाड्याची होती आणि जिना एकच होता. त्या जिन्याने न्यायाधीश चढायचे, मालकाचे वकील चढायचे आणि आम्हीही. खाली पहारा म्हणून एक कुत्रे असे, तेही बहुतेक वेळ झोपलेले.

त्या जिन्यावरचा एक प्रसंग सांगतो. एका पॅकिंगच्या कारखान्यातल्या बावीस बायांना कंत्राटदाराने एका दिवसात काढून टाकले. त्यांच्यातली एक साक्ष द्यायला तयार झाली. धीट बाई होती. सभेत आमच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलायची. तारखेच्या दिवशी आम्ही तिला घेऊन गेलो तर जिन्याच्या दोन्ही बाजूंना कंत्राटदाराची चार माणसे उभी. त्यांनी शिवी दिली नाही, हात लावला नाही. ती चढू लागली तेव्हा एकाने हळूच तिच्या मुलीच्या शाळेचे नाव घेतले आणि विचारले, "ताई, सुटते किती वाजता हो?" बाई अर्ध्या जिन्यातून मागे फिरली. "भाऊ, मला माफ करा, मला नाही जमायचं," एवढेच म्हणाली. आम्ही न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने विचारले, पुरावा काय? त्या जिन्यावर ना कॅमेरा, ना शिपाई, ना साक्षीदाराला बसायला वेगळी खोली. प्रकरण पुराव्याअभावी गेले. आता सांगा, त्या दिवशी त्या इमारतीत कोणते शस्त्र आले होते? मेटल डिटेक्टर लावला असता तर तो वाजला असता काय?

यासाठीच आम्ही म्हणतो की सुरक्षितता म्हणजे नुसती हत्यारे अडवणे नाही. ज्याला खरे बोलायचे आहे त्याने बोलण्यापूर्वी आणि बोलल्यानंतर त्याच जिन्यावर प्रतिपक्षाच्या तोंडाला तोंड देऊ नये, हीही सुरक्षितताच आहे. न्यायालये बांधणारे जाणकार सांगतात की इमारतीत तीन वाटा निरनिराळ्या हव्यात : न्यायाधीश व कर्मचाऱ्यांची एक, कैद्यांची एक, लोकांची एक. मुंबई उच्च न्यायालयाची जुनी इमारत १८७८ साली पुरी झाली. तिच्या मनोऱ्यांतून न्यायाधीशांसाठी निराळे गोल जिने ठेवलेले आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या इंजिनिअरला ही गोष्ट ठाऊक होती. फक्त त्याने ती साहेबापुरती पाहिली. आम्ही चौथी एक वाट मागतो, साक्षीदाराची. आणि ही काही आमची एकट्याची हौस नाही. महाराष्ट्राच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात दुबळ्या साक्षीदारांसाठी, म्हणजे लहान मुले, अत्याचार सोसलेल्या स्त्रिया यांच्यासाठी, निदान दोन स्वतंत्र केंद्रे उभारण्यास सांगितले, आणि २०२२ च्या जानेवारीत, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, ती प्रत्येक जिल्ह्यात हवीत असे बजावले. आपल्या जिल्ह्यातले केंद्र कोठे आहे आणि त्याच्या दाराची किल्ली कोणाजवळ असते, हे प्रत्येकाने एकदा विचारून यावे.

बायांच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावरची आहे. १३ ऑगस्ट २०२२ रोजी कर्नाटकात होळेनरसीपूरच्या न्यायालयात एका जोडप्याचा समेट घडवून आणला गेला. पुन्हा एकत्र नांदू, असे दोघांनी कबूल केले. थोड्याच वेळात ती बाई प्रसाधनगृहाकडे निघाली आणि नवऱ्याने मागून जाऊन तिचा गळा चिरला. २३ मार्च २०२३ रोजी कोइमतूरच्या न्यायालयाच्या आवारात एका नवऱ्याने पाण्याच्या बाटलीतून आणलेले ॲसिड बायकोच्या अंगावर फेकले. काही आठवड्यांनी ती गेली. आणि १ जुलै २००९ रोजी जर्मनीत, ड्रेस्डेन शहरात, मारवा अल-शेरबिनी ही इजिप्तची औषधशास्त्र शिकलेली बाई न्यायालयात साक्ष देत होती. डोक्यावरच्या रुमालावरून एकाने तिला शिवीगाळ केली होती आणि त्याबद्दल झालेल्या दंडाचे प्रकरण अपिलात होते. साक्ष संपताच त्याने पिशवीतून सुरा काढून तिला तिच्या लहान मुलाच्या डोळ्यांदेखत भोसकून मारले. ती गरोदर होती. नवरा तिला वाचवायला धावला, तर धावत आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. पायात लागली म्हणून तो वाचला. दारावर कोणीही कोणाला तपासले नव्हते. पण तपासणीइतकीच दुसरी गोष्ट मनाला लागते ती ही की ऐन वेळी आलेल्या पोलिसाला मारणारा कोण आणि मरणारा कोण हे ओळखता आले नाही. बंदूक असलेला माणूस पुरेसा नसतो. तो त्या दालनात आधीपासून हवा, त्याला तिथली माणसे ठाऊक हवीत.

प्रसाधनगृहाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात देशातल्या न्यायालयांच्या सोयींचे आकडे सांगितले. शंभरातल्या सव्वीस न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळे प्रसाधनगृह नाही. प्राथमिक वैद्यकीय मदतीची सोय शंभरात अवघ्या पाच ठिकाणी. हे आकडे ऐकून लोक म्हणाले, केवढी गैरसोय! आम्ही म्हणतो, ही गैरसोय नव्हे, धोका आहे. बाई इमारतीच्या मागे एकटी जाते तेव्हा तिच्या पाठोपाठ कोण जाईल हे सांगता येत नाही. आणि जखमीला पहिल्या दहा मिनिटांत मलमपट्टी मिळाली नाही तर पुढे कितीही चौकशी-समित्या नेमल्या तरी त्याला त्यांचा काय उपयोग?

आता पहारेकऱ्याकडे वळतो. आपला पेशाच तो, त्यामुळे इथे जरा रेंगाळलो तर माफ करावे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या सुरक्षिततेबद्दल सविस्तर आदेश दिले. उच्च न्यायालयांनी राज्य सरकार आणि पोलीस यांच्याशी विचारविनिमय करून जिल्ह्यापर्यंतची योजना आखावी, असे त्यात आहे. नुसते कॅमेरे बसवून भागणार नाही, हेही न्यायालयानेच म्हटले. ते किती खरे आहे पाहा. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत अटलांटा शहरी एका कैद्याने न्यायालयाच्या इमारतीत पहाऱ्यावरच्या बाईला मारहाण करून पिस्तूल मिळवले आणि न्यायाधीशासह तिघांचे प्राण त्या इमारतीत आणि तिच्या दाराशी घेतले. एक-दोन दिवस आधीच त्याच्या बुटात धारदार वस्तू सापडल्या होत्या. तरी त्या दांडग्या माणसाबरोबर एकटीच बाई दिली होती. मारहाण कॅमेऱ्याने टिपली होती, पण पडद्यावर ती वेळेवर कोणी पाहिली नाही.

कॅमेरा स्वतः धावत येत नाही. त्याच्यामागे डोळे हवेत, आणि डोळ्यांना झोप लागते. बारा-बारा तास उभा राहणारा, बसायला खुर्ची नसलेला, कंत्राटदाराकडून दोन महिने पगार न मिळालेला रक्षक दुपारी चार वाजता कोणाच्या पिशवीत काय आहे ते कशाला बघेल? १९८१ साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. मंडळे स्थापन झाली, रक्षकांची नोंदणी, पगार, भविष्यनिर्वाह निधी यांची सोय झाली. तो कायदा चळवळीने मिळवला आणि चांगला आहे. पण अजूनही जिथे तिथे सर्वांत कमी बोलीचे टेंडर मंजूर करण्याचा सरकारी खात्यांना सोस आहे. यंत्रासाठी लाखांची तरतूद होते आणि यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्यासाठी मात्र हात आखडतो. दर चार तासांनी पाळी बदलावी, बाई रक्षक प्रत्येक दारावर असावी, आणि रक्षकाने वकिलाला किंवा अंमलदाराला अडवले तर त्याची बदली होणार नाही असे लेखी द्यावे. या तीन गोष्टींना फारसे पैसे पडत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण सुरक्षिततेच्या नावाखाली दरवाजा बंद करण्याची चटक लवकर लागते. न्यायालय उघडे असावे हा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६६ व्या कलमातही आहे. कामगारांना हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नाही. जुलै १९०८ मध्ये मुंबईला लोकमान्यांवर खटला चालला तेव्हा हायकोर्टाभोवती पोलीस आणि लष्कराचा बंदोबस्त होता आणि गिरणी कामगारांना आसपास फिरकू दिले जात नव्हते. निकाल लागला २२ जुलैला, रात्री. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या त्या सहा दिवस. आत काय चालले आहे ते आपल्याला पाहू देत नाहीत, ही ठसठस त्या संपात निश्चित होती.

आजही पहा. कोणी म्हणतो, पास असल्याशिवाय आत सोडू नका. कोणी म्हणतो, पक्षकाराला मोबाईल नेऊ देऊ नका. ठीक आहे, पण तो मोबाईल ठेवायचा कोठे? वकिलाच्या टेबलाला खण असतो. खेड्यातून आलेली म्हातारी आपला मोबाईल समोरच्या टपरीवाल्याकडे वीस रुपये देऊन ठेवते आणि घरी फोन करायला परत तिथे जाते. चावीची कपाटे ठेवा, नंबराचा बिल्ला द्या, मग नियम करा. गरिबाला आडवणारा आणि काळ्या कोटवाल्याला सोडणारा पहारा हा पहाराच नव्हे. तो जुन्या राजवाड्यातल्या चोपदाराचा थाट झाला.

शेवटी नागपूरविषयी बोलले पाहिजे. महाराष्ट्रात या विषयावर बोलणाऱ्याने नागपूर टाळणे बरे नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर खोलीत, अक्कू यादव या आरोपीला जमावाने ठार केले. जमावात कस्तुरबानगर वस्तीतल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. मिरचीची पूड, दगड, चाकू. त्या वस्तीवर या माणसाने वर्षानुवर्षे दहशत बसवली होती, बायांवर अत्याचार केले होते, पोलिसांकडे तक्रारी करून काही झाले नव्हते. आणि आता तो जामिनावर सुटून परत येणार, अशी वस्तीत भीती होती. पुढे खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

या प्रकरणावर आमच्या युनियनच्या कचेरीत रात्र-रात्र वाद झाले. काही जण म्हणाले, बायांनी योग्य केले. आम्ही तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, की आरोपी कसाही असो, न्यायालयात त्याचा जीव घेण्याचा हक्क कोणाला नाही. आज जमावाने एका गुंडाला मारले म्हणून टाळ्या वाजवल्या, तर उद्या मालकाने गोळा केलेला जमाव आमच्या एखाद्या कार्यकर्त्याला पिंजऱ्यात मारील, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलणार? पण पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. त्या दिवशी दारावर दुप्पट पोलीस असते, प्रत्येक पिशवी तपासली असती, तर काय झाले असते? तो माणूस त्या दिवशी वाचला असता आणि बाया घरी परतल्या असत्या, त्याच भीतीत. मारेकरी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले त्या बाया आधी कित्येक वर्षे साक्षीदार होत्या, आणि साक्षीदार म्हणून त्यांना कोणी विचारले नव्हते. साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ साली केला, सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली २०१८ साली. नागपूरला तो कायदा तेरा वर्षे उशिरा पोचला. कोर्टाच्या पहाऱ्याची पहिली चौकी वस्तीतल्या पोलीस ठाण्यात असते, जिथे बाई तक्रार लिहून द्यायला जाते आणि हवालदार तिला उद्या या म्हणतो. ती चौकी ओस पडली की न्यायालयाच्या दारातली चौकट कितीही वाजली तरी उशीरच झालेला असतो.

आता कामाचे बोलतो. आम्ही एक अर्ज तयार केला आहे. तो प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना द्यायचा आहे आणि त्याची नक्कल जिल्हा पोलीस अधीक्षकांना. अर्जात मागण्या थोड्याच आहेत. सर्वांची सारखी तपासणी, वकील, पोलीस आणि कर्मचारी धरून. बाहेरच्या रांगेला छप्पर आणि दुसरे दार. सकाळ-दुपार अशी दोन वेळांची पुकाऱ्याची यादी, आदल्या दिवशी लावलेली. कामगार आणि कुटुंब न्यायालयांच्या जिन्यावर निदान एक पुरुष आणि एक स्त्री रक्षक. साक्षीदारांना बसण्याची वेगळी खोली, आणि तिथे घंटेचे बटण. उजेड आणि पहारा असलेले स्त्रियांचे प्रसाधनगृह. सामानासाठी कुलपाची कपाटे. एक प्रथमोपचार खोली, आणि कोर्टाच्या वेळात आवारात उभी असलेली रुग्णवाहिका. वकील संघाच्या काही तरुण सभासदांनी सही करण्याचे कबूल केले आहे. पहिल्या मागणीवर त्यांच्यात थोडी कुजबुज चालू आहे, पण ती मिटेल. अर्जाचा कागद बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. ज्यांची स्वतःची तारीख पुढच्या महिन्यात आहे त्यांनी सही आधी करावी, म्हणजे कागद पोचेपर्यंत त्यांना तिथली स्थिती पाहून काही भर घालता येईल. बाकीच्यांसाठी पेन दोरीला बांधून ठेवले आहे.